डाळीवर वाढलेले पाहुणे

त्या सकाळी मी मेहरूणच्या तलावाकडे फिरायला गेलो नसतो, किंवा गेलो तरी तोंड बंद ठेवलं असतं, तर जळगावातली माझी पुढची वर्षं सुखात गेली असती. पण मी पडलो शाळामास्तर, त्यातून विज्ञानाचा. कुणी चुकतंय असं दिसलं की आमची जीभ वळवळायला लागते.

तलावाच्या काठावर आमचे घरमालक उभे होते. पांढरं धोतर, काळी टोपी, चपला काढून बाजूला ठेवलेल्या, आणि हातात पाण्याने टम्म फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत चार मासे. बशीसारखे गोल, चपटे, अंगावर निळ्या-तांबूस रेघा. असले मासे मी फक्त चित्रात पाहिले होते.

शेठजींचं दाणाबाजारात डाळींचं दुकान होतं. घराणं मूळचं मारवाडातलं, धर्माने जैन. पर्युषणाच्या पवित्र दिवसांत मरणाच्या वाटेवरचा एखादा जीव विकत घ्यायचा आणि सोडून द्यायचा, हा त्यांच्या घरचा रिवाज होता. त्या वर्षी ते डाळीच्या सौद्यासाठी मुंबईला गेले, तिथे बाजारात त्यांना हे मासे दिसले. बाजारात मांडलेला मासा हा खाण्यासाठीच असतो, अशी त्यांची पक्की समजूत. हे मासे खायचे नसतात, काचेच्या टाकीत ठेवून नुसते बघायचे असतात, असं दुकानदाराने सांगितलं असेलच. शेठजींनी ऐकलं नसेल. एकदा दया आली की त्यांना ऐकू येणं बंद व्हायचं.

"शेठजी, सोडू नका," मी म्हणालो. "हे डिस्कस मासे. ॲमेझॉन नदीतले. त्यांना मऊ, बिनक्षारांचं पाणी लागतं, ऊब लागते. ह्या पाण्यात संध्याकाळपर्यंत मरतील."

"मग कुठे सोडायचे?"

"ब्राझीलला."

हा मी विनोद केला होता. शेठजींनी आयुष्यात कुठलाच विनोद विनोद म्हणून घेतला नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "तिकडे कुणी जाणारं मिळेपर्यंत?"

"तोपर्यंत ठेवा घरी," मी म्हणालो. झालं. एवढं बोललो आणि माझं कल्याण झालं.

कुणी तिकडे जाणारं भेटेपर्यंत ते मासे शेठजींच्या घरी राहायला आले, म्हणून शेठजी त्यांना पाहुणे म्हणत. शेवटपर्यंत पाहुणेच म्हणत. "मास्तर, पाहुणे आज जेवले नाहीत." "मास्तर, पाहुण्यांपैकी एकाचा चेहरा उतरलाय." माशाचा चेहरा उतरलेला कसा दिसतो हे मला आजही ठाऊक नाही, पण तो बघायला मी आंघोळ अर्धी टाकून खाली गेलेलो आहे. मीच सोडू नका म्हणालो होतो ना, मग ती जबाबदारी आपोआप माझी. वास्तविक मला डिस्कसबद्दल माहिती होती ती एवढीच, जेवढी तलावाच्या काठावर बोललो तेवढी. पुढचं सगळं मी एका जुन्या इंग्रजी पुस्तकातून रात्री वाचायचो आणि सकाळी जन्मापासून ठाऊक असल्यासारखं सांगायचो.

आम्ही त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. आमच्या दारातच गच्ची. आणि ती गच्ची आमची नव्हती, पावसाची होती. मारवाडात पावसाचं पाणी साठवतात तसं शेठजींच्या आजोबांनी अंगणाखाली टाकं बांधलं होतं. गच्चीवर पडलेला पाऊस नळीतून त्या टाक्यात जायचा आणि वर्षभर ते घर तेच पाणी प्यायचं. त्यामुळे गच्चीवर चपला चालत नसत, मिरच्या वाळत घालता येत नसत, आणि आभाळात ढगाचं बोटभर चिरगूट दिसलं की खालून हाक यायची, "मास्तर, कपडे काढा." कपड्यांचा साबण पाण्यात उतरतो म्हणे. ढग निघून जायचा, पाऊस यायचा नाही, आमचे कपडे तेवढे ओले राहायचे. मी दमट लेंगा घालून शाळेत शिकवलेलं आहे.

हे पाहुणे यायच्या आधीचं. पाहुणे आल्यावर शेठजींच्या लक्षात आलं की आपल्या टाक्यातलं पावसाचं पाणी मऊ आहे, आणि ते पाहुण्यांना मानवतं. मग काय विचारता. बोअरचं खारं पाणी आमच्या वाट्याला, टाक्याचं पाहुण्यांच्या. माझी बायको शिंदखेड्याकडची. ती माणसासमोर पुस्तकी मराठी बोलते, पण चिडली की थेट अहिराणीवर येते. त्या दिवसांत ती दिवसभर अहिराणीच बोलायची. "बठ्ठं घर मासास्नं शे," ती म्हणायची, "आपन कोन शेतस?" म्हणजे सगळं घर माशांचं, मग आपण कोण?

मे महिन्यात अख्खं जळगाव उन्हाला शिव्या देत असायचं, तेव्हा आमचे शेठजी प्रसन्न असायचे. दुकानावर आलेल्या गिऱ्हाइकाने घाम पुसत "काय ऊन आहे" म्हटलं की हे म्हणायचे, "चांगलं आहे. पाहुण्यांच्या गावी असंच असतं." गिऱ्हाईक बिचारं कुठले पाहुणे, कुठलं गाव, ह्या विचारात डाळ घेऊन निघून जायचं. थंडीत मात्र वीज गेली, टाकीतला हीटर बंद पडला, की घरात धावपळ. एकदा मी खाली गेलो तर शेठजी स्वतः शाल सोडून कुडकुडत बसलेले, आणि त्यांची शाल, त्यांच्या बायकोची, काकीजींची, दुलई, दोन्ही त्या काचेच्या टाकीभोवती गुंडाळलेल्या. "शेठजी, तुम्हाला न्यूमोनिया होईल," मी म्हणालो. त्यांनी टाकीकडे बोट केलं. "जीव आहे, मास्तर."

हे त्यांचं कुठल्याही वादातलं शेवटचं वाक्य. जीव आहे. आता ह्यावर माणसाने काय बोलावं? आम्ही वर कोण होतो, दगड होतो का, असं माझ्या ओठावर यायचं आणि मी ते गिळायचो, कारण भाड्याची खोली जळगावात सहज मिळत नव्हती, आणि खरं सांगायचं तर ह्या माणसाशी भांडता येत नसे. भांडायला समोरच्याने थोडं तरी चिडावं लागतं.

खाण्याचा घोळ तर विचारूच नका. डिस्कसला मांस लागतं. पुस्तकात सरळ लिहिलं होतं, किडे, अळ्या, काळीज. मी तो भाग वाचून दाखवताना आवाज खाली आणला, तरी शेठजींनी कानांवर हात ठेवले. एका जीवाला जगवायला दुसरा जीव मारायचा नाही, हे ठरलेलं. मग भिजवलेल्या मुगाच्या डाळीची भरड, त्यात पनीर, त्यात पालक, असा त्यांनी एक गोळा तयार केला. पाहुण्यांनी किती तरी दिवस त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. शेठजींनीही जेवण सोडलं. पाहुणे उपाशी असताना आपण जेवायचं कसं? शेवटी मासेच शहाणे निघाले. त्यांनी तो गोळा टोचून टोचून खायला सुरुवात केली. मोठे मासे त्यावर जगले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. धष्टपुष्ट नाही झाले, पण जगले.

माझ्या परीने मी ह्या फेऱ्यातून सुटायचा एक प्रयत्न केला. धुळ्याला माझ्या ओळखीचे एक इंजिनिअर होते, त्यांच्या दिवाणखान्यात भिंतभर माशांची टाकी होती. त्यांना पत्र टाकलं. ते एका पायावर तयार. शेठजींनाही मी पटवलं, की त्यांच्याकडे जनरेटर आहे, पाहुण्यांना थंडी वाजणार नाही. मग आम्ही दोघं एस.टी.ने धुळ्याला निघालो. मांडीवर दुधाचा कॅन, कॅनमध्ये चार मासे. पाण्यातली हवा संपू नये म्हणून शेठजी सगळ्या वाटेत गडूने पाणी उचलून उंचावरून परत कॅनमध्ये सोडत होते, चहावाला चहा निववतो तसे. एरंडोलला गाडी थांबली तेव्हा खिडकीतून एका बाईने दूध काय भाव दिलं म्हणून विचारलं. शेठजी गंभीरपणे म्हणाले, "दूध नाही, पाहुणे आहेत." ती बाई चार पावलं मागे सरकली.

इंजिनिअरसाहेबांनी आमचं छान स्वागत केलं. टाकी दाखवली, दिवे दाखवले, मासे बघून हरखले. आणि मग, माझं नशीब, म्हणाले, "आता मी ह्यांना काय खाऊ घालतो ते बघा." फ्रीजमधून डबा काढला. खाटकाकडचं काळीज वाटून त्याच्या वड्या केलेल्या. शेठजींनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दोन्ही हात जोडून इंजिनिअरसाहेबांना नमस्कार केला, आणि कॅन उचलून चालायला लागले. मी मागून धावलो. आम्ही धुळ्यात चहासुद्धा घेतला नाही. परतीच्या गाडीत मला एवढा संताप आला होता की मी पारोळ्यापर्यंत त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना ते कळलंच नाही, कारण ते पाणी वरखाली करत होते.

चारांतल्या दोघांनी पुढे जोडी जमवली. सुरई उलटी करून टाकीत ठेवली होती, तिच्या अंगावर मादीने अंडी घातली. त्या दिवशी शेठजींनी दुकानात सगळ्यांना पेढे वाटले. आणि त्याच दिवसापासून आमच्या घरात स्वयंपाक करणं हा गुन्हा ठरला. कारण मी, मूर्ख माणूस, त्यांना वाचून दाखवलं होतं की हे मासे फार भित्रे असतात, आवाजाने दचकले तर आपलीच अंडी खाऊन टाकतात. झालं, कुकरची शिट्टी बंद. जिन्यात चपला हातात घ्यायच्या. हिवाळा होता, बाजारात भरताची हिरवी वांगी आलेली, आणि लाकडी बडगीत भाजलेली वांगी ठेचल्याशिवाय भरीत होत नाही, हे खानदेशात लहान मूलही सांगेल. पहिला ठोका पडला आणि शेठजी जिन्यात. हात जोडून. "बाई, खाली बाळंतीण आहे." माझ्या बायकोने ती वांगी चमच्याने चेचली. त्या भरताची चव तिने मला वर्षानुवर्षं ऐकवली.

एवढं करूनही माशांनी अंडी खाल्ली. ती खाल्ली तेव्हा शेठजी टाकीसमोर बसून रडले. मला खरोखर वाईट वाटलं आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं. "अहो, मासे आहेत ते," मी म्हणालो.

"म्हणून काय झालं? मी त्यांना इथे आणलं. नसतं आणलं तर हे पाप त्यांच्या हातून झालं नसतं." आणि त्यांनी तेला केला. तेला म्हणजे तीन दिवस अन्न नाही, फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्य मावळायच्या आत.

पुढच्या खेपेला अंडी फुटली, पिल्लं निघाली. डिस्कसचं एक नवल आहे. त्याची पिल्लं आईबापांच्या अंगाला चिकटतात आणि त्यांच्या अंगावर सुटणारा चीक खाऊन वाढतात. आई कंटाळली की अंग झटकून त्यांना बापाकडे धाडते. मी हे सांगितलं तेव्हा शेठजींना आनंद आवरेना. "म्हणजे दूधच. दूध चालतं. बघा मास्तर, अहिंसक जीव आहे." त्यांनी आपल्या बायकोला हाक मारून ते दाखवलं. काकीजी आल्या, पाहिलं, आणि आत गेल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं.

पण तो चीक काही दिवसच पुरतो. मग पिल्लांना दुसरं खाणं लागतं, आणि ती डाळीचा गोळा खाईनात. भराभर मेली. शेठजींनी पुन्हा तेला केला. पुन्हा अंडी, पुन्हा पिल्लं, पुन्हा मेली. तेला. शेठजींना मधुमेह होता हे तोपर्यंत आम्हाला ठाऊक नव्हतं, त्यांनाही नसावं. एका खेपेला बरीच पिल्लं गेली तेव्हा त्यांनी आठ दिवसांची अठाई धरली आणि दुकानात, तुरीच्या पोत्यांवर, बेशुद्ध पडले. हमालांनी उचलून घरी आणलं. डॉक्टर आले. जाताना ओट्यावर त्यांनी काकीजींना आणि मला एकत्रच सांगितलं, "ह्यापुढे एकही लांब उपास केला तर माझ्याकडे येऊ नका. काही उपयोग व्हायचा नाही."

मी आत जाऊन शेठजींवर अक्षरशः ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. भाडेकरूने मालकावर ओरडू नये, पण ओरडलो. ते पडल्यापडल्या ऐकत होते. माझं झाल्यावर म्हणाले, "जोडी वेगळी करत नाही मी. नवरा-बायकोला कसं तोडू? आणि पिल्लं झाली आणि मेली तर प्रायश्चित्त मलाच घ्यावं लागेल ना? दुसरं कोण घेणार?"

म्हणजे पुढची पिल्लं मेली की हे मरणार. हिशेब इतका सरळ होता. मी डोक्याला हात लावून म्हणालो, "मग त्यांना खायला द्या काहीतरी. आईबापांचं दूध सुटलं की त्यांना पाण्यातले बारीक जीव लागतात. डाळ नाही लागत."

काकीजी उंबऱ्यात बसून सुपात डाळ निवडत होत्या. त्या माझ्याशी फारशा बोलत नसत. त्यांनी मान वर न करता विचारलं, "बारीक म्हणजे केवढे?"

"डोळ्याला जेमतेम दिसतील एवढे. तुम्ही पाणी गाळता तेव्हा फडक्यावर अडकतात ना, तसे."

त्यांनी डाळ पाखडली आणि उठून गेल्या. मी विसरूनही गेलो.

इथे त्यांच्या घरातली एक रीत सांगायला हवी. टाक्यातलं पाणी त्या रोज सकाळी दुहेरी फडक्यातून गाळायच्या. फडक्यावर जे राहतं त्यातही जीव असतात, ते वाळून मरू नयेत, म्हणून फडकं उलटं धरून त्यावर थोडं पाणी ओतायचं, ते एका पितळी गडूत घ्यायचं, आणि तो गडू दोरीने टाक्यात खालपर्यंत सोडून अलगद रिकामा करायचा. ज्या पाण्यातले जीव, त्याच पाण्यात परत. त्या धुवणाला ते जीवाणी म्हणत. इतकी वर्षं मी ते रोज जिन्यातून पाहत होतो.

उन्हाळ्याच्या शेवटाला पिल्लं झाली. ह्या खेपेला मेली नाहीत. चीक संपला, पिल्लं आईबापांपासून लांब फिरायला लागली, आणि जगली. मोठी झाली. शेठजी पहिल्या मजल्यावर धापा टाकत आले, "मास्तर, डाळीवर वाढली. धुतलेल्या मुगावर." मी म्हणालो, "अशक्य आहे." त्यांनी मला हाताला धरून खाली नेलं. टाकीत पिल्लांचा थवा हिंडत होता. पोटं भरलेली दिसत होती.

त्यानंतर त्यांनी मला जो ताप दिला त्याला तोड नाही. दाणाबाजार, नातेवाईक, जैन स्थानकात प्रवचनाला येणारी मंडळी, ज्याला त्याला धरून आणायचे आणि टाकी दाखवायचे. मांस खाणारा मासा त्यांनी डाळीवर आणला होता. माणूस का सुधारणार नाही? आणि मग मला हाक. "मास्तर सायन्सचे आहेत. विचारा त्यांना." मी सायन्सचा, म्हणून मान हलवायची. आमच्या घरातल्या कपाटावर एव्हाना एक जादा टाकी येऊन बसली होती, कारण पिल्लं विकायची नाहीत, कुणाला द्यायची नाहीत. मी ती मान कुठल्या हक्काने नाही म्हणून हलवणार?

पण मला चैन पडेना. एका सकाळी शेठजी स्थानकात गेलेले असताना मी वर्तमानपत्र घ्यायला खाली उतरलो, तर काकीजी टाकीपाशी उभ्या. हातात तो पितळी गडू. त्यांनी पदराने हात पुसला, गडू टाकीच्या काठाशी टेकवला आणि जीवाणी अलगद पाण्यात सोडली. पिल्लं गर्दी करून धावली.

त्यांनी मला पाहिलं. पाणी गाळून घेणारी बाई ही. आवसेला हिरवी भाजी चिरत नसे.

"ज्या पाण्यातले जीव, त्या पाण्यात सोडले," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा. "काचेत टाक्याचंच पाणी आहे ना? मी सोडते. पुढचं ज्याचं त्याचं कर्म." मग जरा थांबून, "असं मी स्वतःला सांगते. खोटं आहे ते मला कळतं. पण ह्यांना उपास झेपणार नाही, मास्तर. तुम्ही सांगू नका."

आता बोला. खाली नवरा सगळ्या गावाला सांगतोय की डाळीवर वाढले, आणि त्याचा साक्षीदार मी. आणि ज्या बाईने वाढवले तिचं गुपित सांभाळणारा, तोही मीच. ह्या घराने मला ना धड गच्ची दिली, ना धड भरीत खाऊ दिलं, आणि वर हे. मी वर जाऊन बायकोला सांगितलं. ती शुद्ध मराठीत म्हणाली, "तरीच काकीजी वाळत चालल्यात. संध्याकाळचं जेवत नाहीत हल्ली. मी विचारलं तर म्हणतात पित्त वाढलंय." काकीजींनी आपलं प्रायश्चित्त आपण धरलं होतं, एक वेळच्या जेवणाचं, कुणाला न सांगता. मला त्या दोघांचाही एवढा राग आला की मी दिवसभर शाळेत पोरांवर खेकसत राहिलो.

पावसाळा आला. मध्येच एकदा शेठजींनी माझं भिंग मागून नेलं. दुकानात हवंय म्हणाले. डाळीतली कीड बघायची असेल म्हणून मी दिलं. परत आणून दिलं तेव्हा नीट कागदात गुंडाळलेलं होतं, आणि त्यानंतर माणसं आणून टाकी दाखवणं थांबलं. मला सुटल्यासारखं वाटलं. कारण विचारायच्या भानगडीत मी पडलो नाही.

आणि मग पर्युषणाचा शेवटचा दिवस आला, संवत्सरीचा. ह्या दिवशी जैन मंडळी उपास करतात आणि वर्षभरात कळत-नकळत दुखावलेल्या प्रत्येकाची हात जोडून क्षमा मागतात. शेठजींचा हा कार्यक्रम दर वर्षी पहाटे घरापासून सुरू व्हायचा, आणि आम्ही वेळेवर खाली हजर राहायचो, नाहीतर ते वर यायचे. त्यांनी माझ्यासमोर हात जोडले, "खमत खामणा, मास्तर. गच्चीवरून तुम्हाला बोललो असेन." माझ्या बायकोसमोर हात जोडले, "भरतावरून बोललो असेन." ती गडबडून गेली. मग टाकीकडे वळून पाहुण्यांपुढे हात जोडले. हेही दर वर्षीचं. मी मनातल्या मनात आता निघायला हरकत नाही असं म्हणत होतो.

तेवढ्यात काकीजी गडू घेऊन आल्या. आम्ही सगळे टाकीपाशी आहोत हे बघून त्या अंगणाच्या दाराकडे वळल्या, टाक्याकडे निघाल्यासारख्या. शेठजींनी त्यांना थांबवलं. गडू त्यांच्या हातातून घेतला, टाकीच्या काठावर ठेवला, आणि त्या गडूतल्या गढूळशा पाण्यासमोर हात जोडून, मान खाली घालून म्हणाले, "खमत खामणा." मग स्वतःच्या हाताने ते पाणी टाकीत सोडलं.

काकीजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, मी नाही सांगितलं. मग मला भिंग आठवलं.

ती दोघं आपसात मारवाडीत बोलत. इतक्या वर्षांत मला ती समजायला लागली होती. काकीजी म्हणाल्या, "तुम्हाला कळलं होतं?"

"डाळीवर मासा वाढत नाही, एवढं डाळवाल्याला कळतं," शेठजी म्हणाले.

काकीजींच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "म्हणजे आता तुम्ही तेला धरणार."

"नाही धरणार. तू माझ्यासाठी एवढं पाप घेतलंस, ते मी मरून फुकट घालवू?" शेठजी म्हणाले. "आजपासून गडू मी ओतणार. अर्धं माझं. उद्याचं पारणं दोघांनी बरोबर करायचं. आणि संध्याकाळचं जेवण तू सोडलंस, ते परत सुरू करायचं. नाही केलंस तर मग मात्र मी तेला धरतो."

म्हणजे धमकीसुद्धा उपासाचीच. अशा माणसाचं काय करावं? त्यांना गदागदा हलवायची जुनी इच्छा पुन्हा जोरात उसळली होती. माझ्या बायकोने पदर तोंडाला लावला होता. काकीजींनी रिकामा गडू हातात घेतला आणि कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला.

शेठजींनी उपरण्याने डोळे पुसले, खिडकीतून वर पाहिलं, आणि माझ्याकडे वळले.

"मास्तर," ते म्हणाले, "ढग आलेत. कपडे काढा."

मी वर जाऊन कपडे काढले.